तिची साक्ष आणि वरिष्ठ न्यायासन

चेन्नई शहरात, बंदराच्या बाजूस, मद्रास उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटांची भव्य वास्तू उभी आहे. न्यायालय १८६२ साली स्थापन झाले आणि ही वास्तू १८९२ साली उभी राहिली. तिच्या सर्वांत उंच मनोऱ्यावर १८९४ पासून १९७७ पर्यंत दीपगृहाचा दिवा होता. नाविकांना किनारा दाखविणे आणि पक्षकारांना न्याय देणे ही दोन्ही कामे ऐंशीहून अधिक वर्षे एकाच छपराखाली चालत होती. १९९६ साली शहराचे नाव चेन्नई झाले. न्यायालयाने आपले जुने नाव कायम ठेवले आहे.

२९ सप्टेंबर २०२३ रोजी या न्यायालयाने एक निकाल दिला. ज्या घटनेचा तो निकाल होता ती एकतीस वर्षांपूर्वीची होती. धर्मपुरी जिल्ह्यातील वाचाती नावाच्या एका आदिवासी खेड्यातील अठरा स्त्रियांवर सरकारी सेवकांनी बलात्कार केल्याचा तो खटला होता. खालच्या न्यायालयाने त्या स्त्रियांच्या शब्दावर विश्वास ठेवून आरोपींना शिक्षा दिल्या होत्या. तो विश्वास योग्य होता की अनाठायी, हे आता वरच्या न्यायालयाने ठरवावयाचे होते. हा प्रश्न केवळ वाचातीपुरता नाही. बंद दाराआड किंवा निर्जन स्थळी घडलेल्या गुन्ह्याला बहुधा दोनच साक्षीदार असतात: एक पीडित स्त्री आणि दुसरा आरोपी. आरोपी गुन्हा नाकारतो. उरतो तो तिचा शब्द. त्या शब्दाचे वजन किती, आणि ज्या न्यायाधीशाने तिला बोलताना पाहिलेले नाही त्याने ते कोणत्या तराजूत करावे, या प्रश्नाचा भारतीय न्यायालयांतील इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने मराठी मुलखातच लिहिली गेली आहेत.

प्रथम अपिलाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सत्र न्यायाधीशासमोर साक्षीदार प्रत्यक्ष उभा असतो. तो अडखळतो, गप्प होतो, रडतो, उसळून उत्तर देतो, हे न्यायाधीश पाहत असतो. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशासमोर येतो तो केवळ कागद. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीने आपल्या बोलीत सांगितलेले कोणी तरी न्यायालयाच्या भाषेत उतरविलेले असते. तिचे मौन तर कागदावर उमटतच नाही. ही मर्यादा न्यायशास्त्राला ठाऊक नव्हती असे नाही. १९३४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शिव स्वरूप खटल्यात असे सांगितले की, निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयाला सर्व पुरावा नव्याने पारखण्याचा पूर्ण अधिकार आहे. तथापि साक्षीदारांच्या विश्वसनीयतेविषयी मूळ न्यायाधीशाचे मत काय होते, आरोपी निर्दोष आहे हे मूळ गृहीतक, संशयाचा त्याला मिळणारा फायदा, आणि साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचा निष्कर्ष बदलण्यापूर्वी बाळगावयाची सावधगिरी, या गोष्टींना योग्य ते वजन दिलेच पाहिजे. नियम शहाणपणाचा आहे. परंतु मूळ न्यायाधीशाचीच दृष्टी पूर्वग्रहाने झाकोळलेली असेल तर काय करावयाचे, याचे उत्तर त्यात नाही. आणि कागद जिथे मुका होतो तिथली रिकामी जागा वरिष्ठ न्यायाधीश कशाने भरून काढतो, हा तर त्याहूनही अवघड प्रश्न आहे.

ती जागा भरावयाची सामग्री पूर्वी बरीचशी इंग्लंडातून आली. सतराव्या शतकातील इंग्लंडचे मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू हेल यांनी असा इशारा देऊन ठेवला होता की, हा आरोप करणे सोपे, सिद्ध करणे कठीण, आणि निर्दोष माणसाला त्यातून सुटणे त्याहूनही कठीण. हेल यांचा इशारा पुढे अनेक पिढ्यांच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला ऐकविला. १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी भारतासाठी पुराव्याचा कायदा रचला, तेव्हा त्यात असा इशारा कोठेही घातला नाही. कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असे तो कायदा स्वच्छ सांगत होता. त्यात सावधगिरीचा इशारा होता तो गुन्ह्यातील साथीदाराविषयी. साथीदार स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी दुसऱ्याला गुंतवितो, म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुष्टी असावी, असा त्याचा आशय होता. व्यवहारात मात्र न्यायालये बलात्कारित स्त्रीची साक्षही याच पंक्तीला बसवू लागली. जिच्यावर गुन्हा घडला तिला गुन्ह्यातील भागीदाराच्या मापाने मोजले जाऊ लागले. शिवाय त्याच कायद्याच्या १५५ व्या कलमात असे एक पोटकलम होते की, बलात्काराच्या खटल्यात स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान वर्तनाची आहे हे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढता येत असे. हे पोटकलम २००३ सालच्या प्रारंभापर्यंत पुस्तकात राहिले.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता पहिल्यांदा हाती घेतला तो नागपूरशी निकटचा संबंध असलेल्या एका न्यायमूर्तींनी. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९५१ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यासमोर राजस्थानातील रामेश्वर खटला आला. पीडित मुलगी आठ वर्षांची होती. खालच्या न्यायाधीशाने आरोपीला दोषी ठरविले होते. त्यावरील अपिलात सत्र न्यायाधीशाने त्याला सोडले. आणि तेही असे म्हणून की, मुलगी खरे बोलते याची मनाला खात्री पटते, परंतु कायद्याला लागणारी पुष्टी नाही. उच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरविले. एकाच साक्षीच्या आधारे तीन पायऱ्यांवर निकाल असा दोनदा फिरला होता. बोस यांनी सांगितले की, पुष्टी हवीच असा कायदा नाही. पुष्टीची गरज आहे की नाही याचा विचार न्यायाधीशाच्या मनात जागा असला पाहिजे आणि तो जागा होता हे निकालपत्रातून दिसले पाहिजे, एवढाच नियम आहे. मुलीने घटनेनंतर काही तासांत आईला सांगितलेली हकीकत हीदेखील पुष्टी ठरू शकते, असेही त्यांनी ठरविले. पुष्टी म्हणजे दुसरा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, हा समज येथे मोडला. तथापि पुष्टीची अपेक्षा ही सर्वसाधारण रीत म्हणून उरलीच.

या रीतीचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात हे देसाईगंजच्या खटल्याने दाखविले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. हल्ली ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी, तिचा भाऊ आणि इतर दोघेजण आले होते. मुलीचे आईवडील वारले होते आणि ती मोलमजुरी करीत असे. तिला एका तरुणाने पळविल्याची तक्रार भावाने केली होती, म्हणून सर्वांच्या जबान्या झाल्या. इतरांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबविण्यात आले. त्यानंतर ठाण्याच्या आवारात एका पोलीस शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि एका हेड कॉन्स्टेबलने आपला विनयभंग केला, असे तिने सांगितले. बाहेर जमलेल्या लोकांचा आरडाओरडा वाढला तेव्हा तक्रार नोंदविली गेली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तिची वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. अंगावर जखम आढळली नाही. हा खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला गेला. ते नाव येथे घेतलेले नाही. असे नाव प्रसिद्ध करू नये हा नियम कायद्यात आला तोही पुढे याच खटल्याने उठविलेल्या लाटेतून.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायाधीशाने दोघांना निर्दोष सोडले. शरीरसंबंध झाला असावा, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता; आणि मुलगी कमालीची खोटे बोलणारी आहे, असे त्याने लिहून ठेवले. तिच्या पूर्वायुष्याविषयीच्या वैद्यकीय शेऱ्याचा त्यात मोठा वाटा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली हा निकाल फिरविला. खंडपीठाची विचारसरणी साधी आणि मानवी व्यवहाराला धरून होती. हे दोघे पुरुष तिला परके; ज्या ठाण्यात भावाने तक्रार दिली त्याच ठाण्यातले; वेळ रात्रीची. अशा मुलीने स्वतः होऊन पुढाकार घेतला असणे संभवत नाही. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. न्यायालयाने एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी दिली.

१५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांचे ते पीठ होते. कैलासम हे मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. निकालपत्र कोशल यांनी लिहिले. अंगावर जखम नाही, म्हणून प्रतिकाराची कथा खरी नाही. भावाच्या देखत तिला थांबवून घेतले तेव्हा ती ओरडली नाही, म्हणून भीती होती असे म्हणता येत नाही. तेव्हा उच्च न्यायालयाने केलेला शरणागती आणि संमती यांतील भेद या पुराव्यावर टिकत नाही, असा त्या निकालाचा सारांश होता.

या तीन निकालांत पुरावा एकच होता. तोच वैद्यकीय अहवाल, तीच जबानी, तेच ठाणे. बदलत गेले ते मौनाचे वाचन. एका न्यायासनाला त्या मौनात लबाडी दिसली, दुसऱ्याला भीती, तिसऱ्याला संमती. जबानीच्या कागदावर या तिन्हींपैकी एकही शब्द लिहिलेला नव्हता. बलात्कार झाला असता तर स्त्री अमुक रीतीनेच वागली असती, असे एक चित्र न्यायाधीशाच्या मनात आधीच असते आणि साक्ष त्या चित्राशी ताडून पाहिली जाते, हे देसाईगंजच्या खटल्याने उघड्यावर आणले. आईबापावेगळ्या, अक्षरशत्रू अशा मजूर मुलीला रात्रीच्या वेळी खाकी गणवेशापुढे ओरडण्याचे धैर्य झाले असते काय, हा प्रश्न नागपुरात विचारला गेला; दिल्लीत तो गैरलागू ठरला.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही ती चार नावे. त्यांपैकी दोघे मराठी असावेत ही नुसती योगायोगाची गोष्ट मानली तरी नोंदविण्यासारखी आहे. पत्राचा सूर आदराचा, परंतु परखड होता. संमतीत शरणागती असते, पण प्रत्येक शरणागतीत संमती असतेच असे नाही, हा त्यातील गाभ्याचा मुद्दा होता. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर असे जाहीर पत्र लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १९८० च्या प्रारंभी मुंबईत स्त्रियांनी या प्रश्नावर संघटना उभारली आणि त्या वर्षीच्या ८ मार्च रोजी अनेक शहरांतून मोर्चे निघाले. फेरविचाराचा अर्ज न्यायालयाने स्वीकारला नाही. कायदा मात्र बदलला. विधी आयोगाचा अहवाल १९८० सालीच आला आणि १९८३ च्या अखेरीस सुधारणा अमलात आल्या. पोलीस, तुरुंग, रुग्णालय यांसारख्या ठिकाणी ताब्यातील स्त्रीवर झालेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. खटला बंद न्यायालयात चालावा आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध होऊ नये, असे नियम झाले. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे नवे कलम आले: ताब्यातील स्त्रीशी शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नसल्यास ते दाखविण्याचा भार आरोपीवर राहावा. देसाईगंजच्या मुलीला या कलमाचा लाभ झाला नाही. तिच्यामागून येणाऱ्यांना झाला. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. त्यातही हे गृहीतक राहिले आहे.

कायदा बदलला म्हणजे न्यायाधीशाची दृष्टी बदलतेच असे नाही. तिला स्वतंत्र वाट चालावी लागते. १९८३ सालीच गुजरातच्या भोगीनभाई खटल्यात न्यायमूर्ती ठक्कर यांनी या वाटेवर एक महत्त्वाचे पाऊल टाकले. साक्षीदाराची स्मृती ही छायाचित्रासारखी नसते. नेमकी वेळ, क्रम, अंतर, कोण काय बोलले, या बाबतींत खऱ्या माणसाचेही घोटाळे होतात. न्यायालयाच्या वातावरणाने आणि उलटतपासणीच्या भडिमाराने तो भांबावतो. म्हणून मूळ कथेला धक्का न लावणाऱ्या किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नये, असे त्यांनी मुद्देसूद सांगितले. अपील न्यायालयांना मिळालेले हे खरोखर उपयोगी मोजमाप होते. परंतु त्याच निकालात दुसरेही एक विधान आले. भारतीय समाजात अब्रूची भीती एवढी मोठी आहे की स्त्री असा आरोप सहसा खोटा करणार नाही, असे ते होते. हेतू चांगला असला तरी हेही एक चित्रच होते. ओरडणारी, झुंजणारी स्त्री या जुन्या चित्राच्या जागी अब्रूला जपणारी लाजरी कुलस्त्री येथे बसविली गेली. मग जी स्त्री या दुसऱ्या चित्रात बसत नाही, जी एकटी राहते, कामासाठी रात्री बाहेर पडते, जिने मनाजोगा सोबती निवडला आहे, तिच्या शब्दाचे काय, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर पुन्हा नागपूरच्या एका खटल्यातून आले. ऑगस्ट १९८१ मध्ये नागपुरात एका हॉटेलात उतरलेल्या नवविवाहित दांपत्याला एका पोलीस उपनिरीक्षकाने ठाण्यात नेले, नवऱ्याला अडकवून ठेवले आणि पत्नीवर बलात्कार केला, असा आरोप होता. सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने सोडले, आणि जानेवारी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. न्यायमूर्ती अहमदी यांनी त्या निकालात जुनी गाठ सोडविली. पीडित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे, ती गुन्ह्याची बळी आहे. जखमी साक्षीदाराच्या शब्दाला जे वजन तेच तिच्या शब्दाला. तिची साक्ष विश्वास बसण्याजोगी असेल तर पुष्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. १८७२ च्या कायद्यात जे कधीच लिहिलेले नव्हते ते व्यवहारातून काढून टाकण्यास अशी एकशेअठरा वर्षे लागली. १९९६ सालच्या पंजाबच्या गुरमीत सिंग खटल्यात न्यायमूर्ती आनंद यांनी हेच सूत्र अधिक विस्ताराने मांडले आणि पीडितेच्या शीलाविषयी निकालपत्रात शेरे मारणाऱ्या न्यायाधीशांना समज दिली.

येथे दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. तिचा शब्द पुरेसा असू शकतो, याचा अर्थ तो प्रत्येक वेळी पुरेसाच असतो असा नाही. आरोपीच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही न्यायालयासमोर असतो, आणि निर्दोष माणूस तुरुंगात गेला तर तोही अन्यायच. महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडताना सांगितले की, एकटीच्या साक्षीवर दोषी ठरविता येते. पण हकीकतच असंभाव्य असेल आणि भोवतालची परिस्थिती तिच्या उलट जात असेल तर नाही. २०१२ साली दिल्लीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने अस्सल कसाच्या साक्षीदाराची लक्षणे सांगितली: त्याची हकीकत आरंभापासून अखेरपर्यंत एक असावी, उलटतपासणीत टिकावी आणि इतर पुराव्याशी जुळावी. हे निकाल पूर्वीच्या निकालांना छेद देतात असे वरवर वाटते. वस्तुतः ते एकाच नियमाचे दुसरे टोक आहेत. साक्ष पारखावी ती साक्षीच्या अंगच्या गुणांनी. साक्ष देणारी कोणत्या प्रकारची स्त्री आहे या कल्पनेने नव्हे. हा नियम पाळला तर खरी साक्ष तरते आणि खोटी बुडते.

आता पुन्हा मद्रास उच्च न्यायालयाकडे वळावयाचे. वाचाती हे धर्मपुरी जिल्ह्यातील सित्तेरी डोंगराच्या पायथ्याचे गाव. २० जून १९९२ रोजी वनखाते, पोलीस आणि महसूल खाते यांचे मोठे पथक चोरट्या चंदनाच्या शोधात तेथे शिरले. घरे मोडली, धान्य नासले, गुरे मारली, माणसांना झोडपले. अठरा स्त्रियांना तळ्याच्या बाजूस नेण्यात आले आणि तेथे त्यांच्यावर बलात्कार झाले, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. नंतर शंभराहून अधिक गावकऱ्यांना चंदनचोरीच्या आरोपाखाली सेलमच्या तुरुंगात धाडण्यात आले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्यांच्याच ताब्यात तक्रार करणाऱ्या स्त्रिया होत्या. देसाईगंजच्या ठाण्यातील त्या रात्रीचीच ही अठरा पटींनी वाढलेली आवृत्ती होती.

आदिवासींच्या संघटनेने प्रकरण बाहेर काढले. त्याच वर्षी अनुसूचित जाती-जमाती आयोगाच्या दक्षिण विभागाच्या संचालिका भामती यांनी चौकशी करून गावकऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचा अहवाल दिला. १९९५ साली मद्रास उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. एकूण २६९ सरकारी सेवक आरोपी झाले. खटला इतका लांबला की त्यांपैकी ५४ जण निकालापूर्वीच मरण पावले. २९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीच्या सत्र न्यायालयाने हयात असलेल्या सर्व २१५ जणांना दोषी ठरविले. त्यांतील सतरा जण बलात्काराबद्दल. बारा जणांना दहा वर्षांची आणि पाच जणांना सात वर्षांची शिक्षा झाली. दोषींनी चेन्नईस अपील केले.

विलंब आणि विसंगती हे बचावाचे नेहमीचे आक्षेप याही अपिलात होतेच. तक्रार उशिरा का केली? इतक्या मोठ्या जमावातून अमुकच माणूस कसा ओळखला? १९७८ च्या तराजूत हे आक्षेप फार जड ठरले असते. न्यायमूर्ती वेलमुरुगन यांनी निकाल देण्यापूर्वी, ४ मार्च २०२३ रोजी, एक असामान्य गोष्ट केली. ते स्वतः वाचातीला गेले. गाव, तळे आणि त्यांमधील वाट यांवर त्यांनी नजर टाकली आणि गावकऱ्यांशी बोलले. अपील न्यायालय फक्त कागद पाहते ही या इतिहासातील मूळची अडचण. एका न्यायाधीशाने ती निदान एका दिवसापुरती ओलांडली. त्या स्त्रियांची एकतीस वर्षांपूर्वीची अवस्था त्यांना पाहता येणार नव्हती. ती जागा मात्र पाहता येत होती, आणि त्या जागेवर उभे राहिले म्हणजे ओरडून कोणाला ऐकू गेले असते, हा प्रश्न निराळा दिसू लागतो.

सहा महिन्यांनी आलेल्या निकालात त्यांनी सर्व अपिले फेटाळली. पीडित स्त्रिया आणि इतर साक्षीदार यांच्या साक्षी एकमेकींशी सुसंगत आणि विश्वसनीय आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रत्येक पीडितेला दहा लाख रुपये भरपाई द्यावी, हयात नसलेल्यांच्या वाट्याचे त्यांच्या कुटुंबाला मिळावे, आणि त्यांतील निम्मी रक्कम बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्यांकडून वसूल करावी, असा आदेश झाला. त्या वेळचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी यांच्याविरुद्धही कारवाई करण्यास सरकारला सांगण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, याच न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने पीडितेच्या पूर्वायुष्याविषयी निष्कर्ष काढणारी जुनी शारीरिक तपासणी बंद करण्याचा आदेश तमिळनाडू सरकारला दिला होता. देसाईगंजच्या मुलीला खोटी ठरविण्यास ज्या तऱ्हेचा वैद्यकीय शेरा उपयोगी पडला, त्याची वाट अशी पन्नास वर्षांनी अडविली गेली.

देसाईगंजपासून वाचातीपर्यंतच्या या वाटचालीला विजयाची कथा म्हणणे धाडसाचे होईल. अठरा स्त्रियांपैकी तिघी चेन्नईचा निकाल ऐकावयास हयात नव्हत्या. शब्द खरा मानला गेला, पण त्याला एकतीस वर्षे लागली. आणि इतक्या उशिराने आलेला विश्वास हा अर्ध्यानेच विश्वास असतो. तरीही एक गोष्ट निश्चितपणे घडली आहे. पूर्वी वरिष्ठ न्यायासन साक्ष देणाऱ्या स्त्रीला विचारीत असे, की तू अमुक का केले नाहीस? आता त्याला स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागतो: तिने अमुक केलेच पाहिजे होते, हे मला कोणी सांगितले? ज्या दिवशी हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी विचारला जातो, त्या दिवशी कागदावरची साक्ष बोलू लागते.